ताकद कमवायची तर दंडाची आणि मनाची एकत्रच कमवा

पोलीस भरती जवळ आली की सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं दिसायला लागतात. पोरांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० मार्क, त्यामुळं तयारी तर केलीच पाहिजे. पण अंगात जोर आला की डोक्यात पण जातो हे आपण सगळ्यांनी गावात बघितलंय, आणि आधी बॉडी करू, स्वभावाचं नंतर बघू असं म्हणणाऱ्याचं ते नंतर कधी येत नाही. म्हणून माझं म्हणणं की दोन्ही एकाच वेळी आणि एकाच व्यायामात कमवायचं.

सुरुवात जोर-बैठकांनी करा, मशीन नको काय नको. नवीन असाल तर १० जोर आणि २० बैठका, बास. जोर मारताना कंबर वर, मग छाती जमिनीला घासल्यासारखी खालून पुढं काढायची, मान वर, आणि परत मागं. बैठकीत गुडघा कटकट वाजला तर चालतंय पण दुखला तर थांबायचं, थोडं कमी खाली जायचं, आणि तरी दुखत असेल तर डॉक्टरला दाखवायचं. दर आठवड्याला पाच-पाच वाढवत जा.

आणि आता खरा विषय, मोजणी. एकटे असताना खरी मोजायची. सव्वीस झाल्यावर दम लागतो आणि तोंडातून एकदम अठ्ठावीस निघतं, कोण बघत नसतं, अर्धीच मारलेली बैठक पण पूर्ण धरली जाते. तिथं सव्वीसच म्हणायचं आणि तीस होत नसतील तर वहीत सव्वीसच लिहायचं. हे बारकं वाटतंय पण रोज पहाटे स्वतःशी खरं बोलायची सवय लागली की पुढं पैशाच्या, कामाच्या हिशोबात पण खोटं बोलताना जीभ अडखळते, निदान माझा तरी अनुभव तसाच आहे.

जवळ तालीम असेल तर जिमपेक्षा मी तालीमच सांगीन. जिम वाईट नाही, पण तिथं तुम्ही आणि आरसा, दोघंच असता. तालमीत दुसरा माणूस अंगाला भिडतो. हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, माती फावड्यानं खणायची, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर कालवायचा, आणि ते काम नवीन पोरानं पण करायचं आणि मैदान मारून आलेल्या पैलवानानं पण करायचं, खांद्याला त्याच्यासारखा व्यायाम नाही. मग वस्ताद जोड लावून देतात. तुमच्यापेक्षा हलका पोरगा समोर आला तर लगेच चितपट करून मोकळं व्हायचं नाही, त्याला पट काढणं, ढाक मारणं असले डाव करू द्यायचे, चुकला तर पाय कुठं हवा होता ते दाखवायचं. त्यानं मातीवर थाप मारली की त्याच क्षणी पकड सोडायची, अजून एक सेकंद नाही, अर्धा पण नाही. पकड घट्ट करायला सहा महिन्यात कुणीपण शिकतं, रक्त तापलेलं असताना ती सोडायला जास्त वेळ लागतो, म्हणून रोज मुद्दाम सोडायची प्रॅक्टिस करा.

आपल्याकडचं मोठं उदाहरण खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. हे सगळ्यांना पाठ आहे. पण तिकडं जायला पैसे नव्हते म्हणून त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले होते, आणि मेडल घेऊन आल्यावर, गावाकडं बैलगाड्यांची मिरवणूक निघाल्यावर, खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या मारल्या आणि जिंकलेल्या पैशातून ते घर सोडवून दिलं, हे कमी जण सांगतात. ऑलिंपिकवीर झाल्यावर परत लांग (पैलवानाचा लंगोट) चढवून कर्ज फेडायला उतरायचं, ह्याला नुसता दंड पुरत नाही भावा.

सातारा जिल्ह्यातल्या चाफळला गेलात तर नुसतं दर्शन घेऊन परत फिरू नका. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी दोन तिथंच आहेत. राममंदिरासमोर दास मारुती हात जोडून उभा आणि मंदिरामागं प्रताप मारुती. देव एकच पण समोर हात जोडलेला, मागं पराक्रमाचा, आणि दोघं एका आवारात. मला ते फार पटतं. माणसात पण दोन्ही पाहिजेत, कुठला कधी पुढं करायचा हे कळलं पाहिजे.

ते रोज कसं करायचं? एक म्हणजे साताऱ्यात पोवई नाक्यावर कुणी गाडी आडवी घातली की दोन्ही हात हँडलवर ठेवायचे, नाकानं दहा श्वास सोडायचे, तोपर्यंत तोंड उघडायचं नाही, तो दहाच्या आत निघून गेलेला असतो. दुसरं, बिल्डिंगमध्ये कुणा आजींचा सिलेंडर आला की वर नेऊन द्यायचा. आत १४.२ किलो गॅस आणि टाकीचं वजन धरून तीसच्या आसपास होतं, तीन मजले चढवलं की पायाचा व्यायाम झाला, फक्त त्याचा व्हिडिओ काढायचा नाही.

खुराकाचं थोडक्यात. दूध, अंडी, शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, ज्वारीची भाकरी, एवढ्यावर नवीन माणसाचं छान भागतं. लवकर फुगायला कोण इंजेक्शन सुचवत असेल तर तिथून उठा आणि परत जाऊ नका. पोरींना पण हेच सगळं लागू. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली, तेव्हा पोरीच्या जातीला झेपतंय का असं विचारणाऱ्याला तेवढं सांगा.

शेवटी पाणी. कृष्णेकाठच्या माणसाला ताकद खरी पावसाळ्यात लागते. २०१९ च्या पुरात सांगलीत कितीतरी पोरांनी म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढलं, आणि त्याच पुरात ब्रह्मनाळला जास्त माणसं बसलेली बोट उलटून लोकं गेली. म्हणून बोटीवर काम करायचं ठरवलं तर वल्हं मारण्याइतकंच, बोट भरली, आता पुढच्या फेरीला, हे रडणाऱ्या माणसाच्या तोंडावर ठामपणे सांगायला शिका, आणि लाइफ जॅकेटशिवाय स्वतः पण चढू नका. पोहता येत नसेल तर उन्हाळ्यातच शिकून घ्या, पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत, काठावर दोर घेतलेला पट्टीचा पोहणारा असेल तेव्हाच.