सागवानी जमिनीची निगा: पाणी, पावसाळा आणि पॉलिश

घरात लाकडी जमीन करून घेणाऱ्या बहुतेकांना धास्ती असते ती ओरखड्यांची. प्रत्यक्षात आपल्या हवेत लाकडी जमिनीचे सर्वाधिक नुकसान ओलाव्याने होते, आणि त्यातही एखाद्या वेळी सांडलेल्या पेलाभर पाण्यापेक्षा रोजच्या ओल्या पुसण्याने, भिंतीतून झिरपणाऱ्या ओलीने आणि पावसाळी हवेने होते. ओरखडा पॉलिशच्या हाताखाली जातो. फुगून कडा वर आलेली फळी मात्र महिनोन्‌महिने मनस्ताप देते. म्हणून या लेखात पाण्याचा विचार आधी केला आहे आणि पॉलिशचा नंतर.

आपली जमीन नेमकी कशाची आहे?

‘वुडन फ्लोअरिंग’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे अखंड लाकडाची फळी, साधारण १८ ते २० मि.मी. जाडीची. दुसरी इंजिनिअर्ड फळी, जिच्यात वरचा थर खऱ्या सागाचा किंवा ओकचा आणि खाली आडव्या-उभ्या थरांचे प्लाय असते. तिसरी लॅमिनेट, जिच्यावर लाकडाचे केवळ छापील चित्र असते. दाराच्या उंबरठ्याजवळची धातूची पट्टी काढून फळीची कड पाहिली, की यांपैकी आपल्याकडे काय आहे ते लगेच कळते. लॅमिनेट घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही, त्यामुळे पॉलिशविषयी पुढे जे लिहिले आहे ते त्याला लागू नाही. इंजिनिअर्ड फळीचा वरचा थर ३ मि.मी. किंवा अधिक असेल तर तो एकदोन वेळा घासता येतो; मिलिमीटरभराचाच असेल तर घासण्याचे यंत्र त्याला लावू नये, कारण खालचे प्लाय उघडे पडते.

सागाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. साग टिकाऊ आहे याचा अर्थ तो फार कठीण आहे असा नाही. त्याच्या गाभ्याच्या लाकडात असलेल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे तो कुजत नाही आणि वाळवीला सहज दाद देत नाही. पण जडपणे दाबले किंवा खरवडले असता तो ओकपेक्षा लवकर चेपतो. त्याचा खरा गुण वेगळाच आहे: ओलाव्याने तो फार कमी हलतो. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागवानाला जो मान आहे तो काही उगाच मिळालेला नाही. मात्र सालीलगतच्या फिकट लाकडात हे संरक्षण नसते, आणि लागवडीच्या कोवळ्या सागात असे फिकट लाकूड जास्त निघते. फळ्या खरेदी करताना पांढरट पट्टे असलेल्या फळ्या बाजूला काढाव्यात, किंवा निदान न्हाणीघराच्या भिंतीलगत त्या बसवू देऊ नयेत.

लाकूड किती हलते

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि जुलैच्या सकाळी ती ८० टक्क्यांच्या वर जाते. मुंबईत आणि कोकणात उन्हाळाही दमट असल्यामुळे चढउतार कमी, पण पावसाळ्यातली ओल जास्त दिवस टिकते. या फरकाने फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. १०० मि.मी. रुंदीच्या, आडव्या चिरीच्या (म्हणजे रुंदी खोडातल्या वलयांच्या कडेने येईल अशा कापलेल्या) सागवानी फळीतला ओलावा ५ टक्क्यांनी वाढला तर ती साधारण ०.९ मि.मी. फुगते, तेवढीच ओकची फळी त्याच्या जवळपास दुप्पट. मिलिमीटरभर ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ३ मीटर रुंदीच्या खोलीत अशा ३० फळ्या असतात आणि सगळ्यांचे मिळून होणारे हे वाढणे २८ मि.मी.पर्यंत जाते. त्यातले बरेचसे फळ्यांमधल्या बारीक फटींत सामावते आणि उरलेल्यासाठी भिंतीलगत १० ते १२ मि.मी. मोकळी जागा सोडून ती स्कर्टिंगखाली झाकलेली असते. ही जागा सिमेंटने किंवा सिलिकॉनने भरून टाकणारे कारागीर असतात; त्यांना वेळीच थांबवावे, कारण जागा मिळाली नाही की जमीन खोलीच्या मधोमध उचलते.

याच कारणासाठी उन्हाळ्यात दिसणाऱ्या फटींत लांबी (पुट्टी) भरू नये. पावसाळ्यात फळ्या फुगल्या की ती लांबी चिरडून बाहेर येते किंवा फळीची कड दाबून टाकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही जी फट तशीच राहते तिचाच विचार करावा.

रोजचा केर आणि पुसणे

शहाबादी, कोटा किंवा टाइल्सच्या जमिनीवर बादलीभर पाण्यात फिनाईल टाकून ओल्या फडक्याने पुसण्याची सवय आपल्या घरांत पक्की आहे, आणि लाकडी जमिनीला सर्वाधिक त्रास तिचाच होतो. पुसायला येणाऱ्या मावशींना ही जमीन वेगळी का आहे हे समजावून सांगणे, आणि त्यांच्या हाती वेगळे फडके व वेगळी बादली देणे, हे कोणत्याही महागड्या क्लीनरपेक्षा उपयोगी ठरते. नुसते ‘कमी पाणी वापरा’ असे सांगून भागत नाही. प्रमाण दाखवावे लागते. फडके इतके घट्ट पिळलेले असावे, की पुसल्यावर जमिनीवर राहिलेली ओलसर चमक एक-दोन मिनिटांत आपोआप नाहीशी होईल. त्यानंतरही ओल दिसत असेल तर पाणी जास्त झाले. पुसणे फळीच्या लांबीच्या दिशेने करावे, आडवे नाही, कारण आडव्या हाताने पाणी फटींत लोटले जाते. खोलीच्या मध्यभागी आठवड्यातून एकदा असे पुसणे पुरेसे आहे. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या वाटेवर दोनदा.

रोज जे करायचे ते कोरडेच. मऊ कुंचा किंवा मायक्रोफायबरचा कोरडा मॉप वापरावा. खराटा आणि ताठ काड्यांची केरसुणी नको. रस्त्यावरून येणाऱ्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि पॉलिशच्या कोणत्याही थरापेक्षा ते कठीण असतात. चपला-बूट दाराबाहेर काढण्याची आपली रीत इथे फार मोलाची आहे. तरीही दाराबाहेर काथ्याचे जाड पायपुसणे आणि आत सुती पायपुसणे अशी जोडी ठेवावी. आतल्या पायपुसण्याला खालून रबर नसावे: रबरातली द्रव्ये काही महिन्यांत पॉलिशमध्ये उतरतात आणि तिथे पिवळट डाग पडतो जो निघत नाही.

फिनाईल, सोडा, साबणचुरा, व्हिनेगर आणि वाफेचा मॉप यांपैकी काहीही या जमिनीवर येऊ देऊ नये. क्षारयुक्त आणि आम्लयुक्त द्रव्यांनी पॉलिशची चकाकी हळूहळू मरते, आणि वाफ तर दाबाने फटींत शिरते. लाकडी जमिनीसाठी मिळणारा उदासीन पीएचचा क्लीनर थेट जमिनीवर न फवारता फडक्यावर फवारावा.

फर्निचरच्या पायांखाली फेल्टचे तुकडे चिकटवावेत आणि सहा महिन्यांनी ते तपासावेत, कारण त्यांत अडकलेली वाळू पॉलिशपेपरसारखी काम करते. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो आणि त्याची लोखंडी कड अरुंद असते. तो कधीही घरंगळत नेऊ नये, दोघांनी उचलावा किंवा चाकांच्या गाडीवरून न्यावा. लोखंडी कुंडीस्टँड आणि ओले लाकूड यांची गाठ पडू देऊ नये: लोह, पाणी आणि लाकडातले टॅनिन एकत्र आले की निळसर काळा डाग लाकडाच्या आत खोल उतरतो.

सणावारी थोडी जास्त काळजी घ्यावी. रांगोळीची भुकटी दगडाची असते. ती लाकडी जमिनीवर थेट न काढता पाटावर किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्यावर काढावी. पणतीखाली ताटली हवी, कारण सांडलेले तेल पॉलिशच्या भेगेतून लाकडात गेले तर त्या जागी पुढे नवा थर बसत नाही. हळदीचा डाग साबणाने घासला तर लाल होतो. तो कोरड्या फडक्याने टिपून उन्हाच्या कवडशात राहू द्यावा, बऱ्याचदा काही दिवसांत फिका पडतो.

जून ते सप्टेंबर

पहिल्या पावसाआधी घरातल्या पाण्याच्या वाटा तपासाव्यात. बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या खोबणीतली निचऱ्याची छिद्रे मोकळी आहेत का, एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलेली तर नाही ना, खिडकीच्या चौकटीचे सिलिकॉन सुटले आहे का, आणि शयनगृह व न्हाणीघर यांच्यामधल्या भिंतीचा रंग खाली पोपडे धरत आहे का, हे पाहावे. शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची आहे. स्कर्टिंगजवळ रंग सुटत असेल तर ओल आधीच फळ्यांखाली पोचलेली असण्याची शक्यता मोठी असते.

खोलीत एक साधा आर्द्रतामापक ठेवावा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर उत्तम. पावसाळ्यात ते नेहमी साधत नाही, पण दिवसातले काही तास एसी ‘ड्राय’ मोडवर चालवला किंवा डिह्युमिडिफायर लावला तर ७५च्या वर जाण्यापासून ती रोखता येते. मुसळधार पाऊस चालू असताना खिडक्या उघड्या ठेवून ‘हवा खेळू द्यावी’ हा सल्ला लाकडाच्या बाबतीत उलटा पडतो. ओले कपडे या खोलीत वाळत घालू नयेत.

याच दिवसांत वाळवीचीही पाहणी करावी. पावसाच्या सुरुवातीला खिडकीजवळ किंवा दिव्याखाली गळून पडलेले पारदर्शक पंख दिसले, तर भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या शोधाव्यात आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळ्या ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज देणारी फळी आतून खाल्लेली असते. मातीची नळी मोडून तिच्यावर दुकानातला फवारा मारल्याने वाळवी फक्त वाट बदलते. उभ्या इमारतीतील वाळवी प्रतिबंधासाठी भारतीय मानक आयएस ६३१३चा भाग ३ आहे. उपचार त्याप्रमाणे होणार का, हे कंत्राटदाराला आधी विचारावे. फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती वाळवी नव्हे, भुंगेऱ्याची कीड असते. तिचा उपचार निराळा असतो.

ऑगस्टमध्ये फळ्यांच्या कडा वर आणि मध्य खोलगट अशी पन्हाळीसारखी अवस्था दिसली, तर याचा अर्थ खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा ओली आहे. पॉलिशवाला लगेच घासून सपाट करून देण्याची तयारी दाखवील. त्याला ठाम नकार द्यावा. वर आलेल्या कडा आत्ता घासून टाकल्या आणि हिवाळ्यात फळी वाळून मूळ आकारावर आली, की त्याच कडा खाली जातात, मध्य फुगीर राहतो आणि तेवढी जाडी कायमची गेलेली असते. ओलीचा उगम शोधून तो बंद करावा आणि दोन-तीन महिने थांबावे. कित्येकदा जमीन आपणहून सपाट होते.

पॉलिश

जमिनीवर कोणते पॉलिश आहे हे कोपऱ्यात, कपाटाच्या आड पाहता येते. टर्पेंटाईन लावलेल्या पांढऱ्या फडक्यावर पिवळट मळ आला तर मेण आहे. स्पिरिटच्या थेंबाने पृष्ठभाग चिकट झाला तर चपड्याचे (लाखेचे) स्पिरिट पॉलिश. दोहोंनी काहीच झाले नाही तर बहुधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे पॉलिश. ही ओळख आवश्यक आहे, कारण मेण लावलेल्या जमिनीवर पीयू धरत नाही. त्याचप्रमाणे पीयूच्या जमिनीला चमक आणण्यासाठी मेण किंवा तेल लावू नये. पुढच्या वेळी नवा थर सोलपटून निघतो.

पीयूचा थर लाकूड उघडे पडेपर्यंत झिजू देऊ नये. वावराच्या वाटेवर चकाकी गेली, पण पाण्याचा थेंब अजून मण्यासारखा उभा राहतो, हीच योग्य वेळ. तेव्हा १५० किंवा १८० नंबरच्या पॉलिशपेपरने वरचा थर हलकेच खरखरीत करून, धूळ व्हॅक्यूमने पूर्ण काढून, एक नवा हात दिला तरी काम भागते. थेंब पसरून लाकूड काळपट होऊ लागले असेल तर सगळी जमीन मूळ लाकडापर्यंत घासावी लागते: ४० नंबरपासून सुरुवात, मग ६०, ८० आणि शेवटी १०० किंवा १२०. मधला नंबर गाळला तर आधीच्या पेपरच्या रेघा पॉलिश लागल्यावर उठून दिसतात.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांदरम्यान करावे. दमट हवेत स्पिरिट आणि मेलामाईन पॉलिशवर पांढुरके धुके येते, आणि पीयू उशिरा सुकते. पाण्यावर आधारित पीयूवर दुसऱ्या दिवशी मोज्यांनी चालता येते, पण ते पूर्ण पक्के व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तेलावर आधारित पीयूला महिनाभर. तोपर्यंत सतरंजी अंथरू नये. ताजा घासलेला साग उजेडाने रंग बदलतो, म्हणून नंतरही पहिले काही महिने सतरंजीची जागा अधूनमधून बदलावी. जवसाचे तेल वापरले असेल तर त्याची फडकी बोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

पांढरट डाग बहुधा पॉलिशच्या थरातच असतो. मेणाच्या किंवा चपड्याच्या जमिनीवर तो केस वाळवण्याच्या यंत्राच्या मंद उष्णतेने बरेचदा जातो. काळा डाग लाकडात असतो. त्यासाठी त्या जागेचे पॉलिश काढून ऑक्झॅलिक ॲसिडचे द्रावण लावावे लागते. ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे आणि नंतर ती जागा ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून पूर्ण वाळू द्यावी. करकरणाऱ्या फळीच्या फटीत टाल्कम पावडर कुंच्याने सारली तर आवाज बरेच दिवस थांबतो. पाय देताच फळी खाली-वर होत असेल तर मात्र सुतारालाच बोलवावे.

बसवताना उरलेल्या पाचसहा फळ्या माळ्यावर किंवा गच्चीच्या खोलीत न ठेवता त्याच खोलीत पलंगाखाली आडव्या ठेवाव्यात, म्हणजे त्यांचा ओलावा जमिनीइतकाच राहतो आणि बदलायची वेळ आली की त्या लगेच जुळतात. त्यांच्या मागे लाकडाचा प्रकार, पॉलिशचे नाव व चकाकीचा दर्जा आणि शेवटचा हात दिल्याचा महिना पेन्सिलने लिहून ठेवावा.