कीबोर्डचे शॉर्टकट चालत नाहीयेत? आधी या चुका टाळा

आमच्या ऑफिसात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी हाक मारतंच, "अहो, जरा इकडे या ना, कीबोर्ड गेला वाटतं." जाऊन बघावं तर कीबोर्ड ठणठणीत. एक तर कुठलं तरी लॉक चुकून चालू झालेलं असतं, नाहीतर शॉर्टकट बरोबर असतो पण दाबलेला असतो भलत्याच विंडोत. हे दोन प्रकार बाजूला काढले की तक्रारी फारशा उरत नाहीत.

सगळ्यात फसवं प्रकरण शिफ्टचं आहे. टाइप करता करता विचार करत बसायचं आणि बोट तसंच उजव्या शिफ्टवर ठेवायचं, ही सवय बऱ्याच जणांना असते. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून ठेवली की फिल्टर कीज चालू करू का असं विचारणारा बॉक्स येतो, आपण न वाचता एंटर मारतो आणि तिथून पुढे हलकेच दाबलेली बटणं कॉम्प्युटर घेतच नाही, प्रत्येक अक्षर जरा वेळ दाबून धरावं लागतं. आमच्याकडच्या एका मॅडमनी तर नवीन कीबोर्डसाठी अर्जसुद्धा लिहून ठेवला होता. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबली की असाच स्टिकी कीजचा बॉक्स येतो, तिथेही हो म्हटलं की कंट्रोल एकदा दाबून सोडला तरी पुढचं बटण दाबेपर्यंत तो दाबलेलाच धरला जातो, म्हणजे तुम्ही साधं अक्षर टाइप करताय आणि भलतीच कमांड चालतेय. ज्यांना दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे, पण आपल्याला नको असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, तिथे दोन्ही बंद करा आणि त्यांचे शॉर्टकटही बंद करा, नाहीतर पुढच्या आठवड्यात परत तेच.

एक्सेलमध्ये बाण दाबला की सेल हलायच्या ऐवजी अख्खी शीट सरकतेय? स्क्रोल लॉक चालू आहे. आता गंमत अशी की बऱ्याच लॅपटॉपवर ते बटणच नसतं, मग बंद कुठून करणार! विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा, स्क्रीनवर कीबोर्ड येतो, त्यात ते बटण सापडतं.

एक्सेलचीच अजून एक खोड, आणि ही मला स्वतःला महागात पडलीये. दोन फाइली उघड्या असतील तर कंट्रोल झेड दोन्हीत मिळून एकच चालतो. मी पगाराच्या शीटमध्ये चूक सुधारायला चार-पाच वेळा झेड दाबला आणि त्यातले दोन शेजारच्या फाइलमधले आकडे मागे घेऊन गेले, लक्षात आलं संध्याकाळी टोटल जुळेना तेव्हा. कंट्रोल वायने परत आणता येतं, पण मधे एखादं अक्षर जरी टाइप केलं तरी ती वाट बंद होते. म्हणून झेड दाबताना नजर स्क्रीनवर ठेवा, बोटांवर नाही.

मराठी टायपिंग करणाऱ्यांची वेगळीच डोकेदुखी असते. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले की भाषा बदलते, आणि मग एक्सेलमध्ये बेरजेचा सम (SUM) लिहायला जावं तर देवनागरी अक्षरं उमटतात, फॉर्म्युला एरर देतो, आणि आपण फॉर्म्युल्यात चूक शोधत बसतो. खाली उजव्या कोपऱ्यात भाषेचं नाव दिसतं, आधी तिकडे बघा. विंडोज आणि स्पेसने भाषा बदलता येतेच, त्यामुळे ऑल्ट शिफ्टचा शॉर्टकट ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये जाऊन बंद केला तरी काही अडत नाही, मी केलाय.

रुपयाचं चिन्हही असंच. ते २०१० साली आलं, आता आपल्याकडच्या लॅपटॉपवर ४ च्या बटणावर छापलेलंही असतं, पण उजवा ऑल्ट आणि ४ दाबून काहीच येत नाही कारण कीबोर्डची भाषा इंग्लिश यूएस ठेवलेली असते. इंग्लिश इंडिया करा, येईल.

कॉपी पेस्टमधली नेहमीची चूक म्हणजे मजकूर कंट्रोल एक्सने कट करायचा आणि पेस्ट करायच्या आधी दुसरंच काहीतरी कॉपी करायचं. फाइलच्या बाबतीत हे चालून जातं, कारण कट केलेली फाइल पेस्ट होईपर्यंत जागेवरच असते, नुसती फिकट दिसते. मजकूर मात्र गेला. विंडोज आणि व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी एकदा चालू करून ठेवली की मागच्या २५ गोष्टी तिथे मिळतात. फक्त चारजण वापरतात त्या कॉम्प्युटरवर ती चालू ठेवू नका, कॉपी केलेला पासवर्डही त्यातच बसलेला असतो.

शिफ्ट डिलीटबद्दल इतकंच सांगतो की ती फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. आणि पेनड्राइव्हवरची तर नुसत्या डिलीटनेही जात नाही, हे बऱ्याच जणांना फाइल उडाल्यावरच कळतं.

एफ २ किंवा एफ ५ दाबल्यावर आवाज नाहीतर ब्राइटनेस बदलत असेल तर एफएन धरून दाबा, बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केपने ते कायमचं बदलतं. ब्राउझरचा टॅब कंट्रोल डब्ल्यूने उडाला तर कंट्रोल शिफ्ट टी, पण भरलेला फॉर्म परत येईलच असं नाही.

आणि स्क्रीन आडवी झाली तर घाबरू नका. इंटेल ग्राफिक्स असलेल्या जुन्या मशीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबले की ती फिरते, कंट्रोल ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की सरळ होते. आमच्या एका सहकाऱ्याने अख्खी सकाळ मॉनिटर पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून आडवा ठेवून काम केलं. स्क्रीन एका सेकंदात सरळ झाली, मॉनिटर सरळ करायला मात्र दोघं लागलो.