अंगणातील हिरवळीसाठी गवत निवडताना

रोपवाटिकेत मांडलेली हिरवीगार लादी पाहून गवत ठरवण्यापूर्वी आपल्या अंगणात थेट ऊन किती तास असते आणि तेथे रोजचा वावर किती असेल, हे पाहावे. गवताच्या बुटकेपणाचा विचार त्यानंतर करावा.

सहा तास किंवा त्याहून अधिक ऊन मिळत असेल, तर हरळीला पर्याय शोधण्याचे कारण नाही. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ती हीच. जमिनीवरून आणि जमिनीखालून अशा दोन्ही प्रकारच्या धावत्या खोडांनी ती पसरत असल्यामुळे मुलांच्या खेळाने उखडलेली जागा ती स्वतःच भरून काढते. हिरवळीसाठी तिचा बारीक पानांचा ‘सिलेक्शन वन’ हा प्रकार घ्यावा. मात्र पावसाळ्यात तो आठवड्याला कापावा लागतो, आणि सावलीत कितीही खत घातले तरी विरळच राहतो.

वारंवार कापणी नको असलेले लोक ‘मेक्सिकन’ नावाने विकले जाणारे झॉयसिया गवत निवडतात. ते सावकाश आणि दाट वाढते, पण फार दिवस कापले नाही तर त्याचे उंचवटे तयार होतात. पाने बाजूला सारली की वरच्या हिरव्या थराखाली वाळलेल्या काड्या दिसतात, आणि मग एकदम खोल कापणी केल्यास तोच तपकिरी थर उघडा पडतो.

विरळ सावलीत रुंद पानांचे कार्पेट ग्रास चालते, पण त्याला सतत ओलावा लागतो. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आंब्याच्या दाट सावलीत गवताचा हट्ट सोडून गवतासारख्या पानांचे बुटके झुडूप ऑफिओपोगॉन लावावे, अर्थात त्यावरून चालता येणार नाही. जमिनीवर पसरणारे, पिवळ्या फुलांचे वेडेलिया हे रोप फुकट मिळाले तरी टाळावे, कारण जगातील 100 सर्वाधिक उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे.

निवड कोणतीही असो, लागवडीपूर्वी लव्हाळ्याचा बंदोबस्त करावा. वरची पाती उपटून उपयोग होत नाही, कारण मातीत राहिलेल्या गाठी पुन्हा फुटतात; म्हणून वीतभर खणून गाठी वेचाव्यात, पाणी देऊन उरलेल्या फुटू द्याव्यात आणि पुन्हा खणाव्यात. काळ्या जमिनीत पाणी साचते, तेव्हा घरापासून दूर जाणारा हलका उतार द्यावा, कुजलेले शेणखत मिसळावे आणि पावसाळ्याच्या सुरुवातीस हरळीची मुळे असलेली कांडी 8 ते 10 सेंटिमीटरवर लावावी.