डिश जागेवर, तरी निम्मे चॅनल गायब

सिग्नल नाही म्हणून लगेच डिश हलवू नका. एलएनबीला (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डोक्याला) सेट-टॉप बॉक्सकडून वायरीतून वीज मिळते. आडव्या पोलरायझेशनच्या (आडव्या लहरींवरच्या) चॅनलसाठी १८ व्होल्ट लागतात, उभ्यासाठी १३. इथं गच्चीवरच्या जोडात पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं, व्होल्टेज तिथंच गळत होतं, म्हणून १८ व्होल्टवाले चॅनल गेले. जुनी आरजी-५९ जातीची डिश केबल काढून ३० मीटर आरजी-६ जातीची टाकली. ७५ ओहमची, मध्ये जोड नाही, आतली तार अस्सल तांब्याची. घेताना तारेला लोहचुंबक लावा. चिकटला तर आत पोलाद, वर नुसता तांब्याचा मुलामा. बॉक्सचा प्लग काढूनच कनेक्टर बसवले. एफ-कनेक्टरबाहेर (केबलच्या टोकाला बसणाऱ्या जोडणीबाहेर) आतली तार २-३ मिमी ठेवली. केबलमधल्या धातूच्या जाळीचा एक केस जरी तिला टेकला की शॉर्ट! एलएनबीखाली वायरीला झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकतं.