निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता बापानं कुठं असावं

कराडात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सोळा वर्षं झाली. दहावीचा निकाल असतो त्या दिवशी साडेबारापासून दुकानापुढं गर्दी. आता घरोघरी मोबाईल आहेत, तरी कागद हातात आल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. मी बैठक क्रमांक टाकतो, आईचं नाव टाकतो, प्रिंट काढतो, पंधरा रुपये घेतो. बहुतेक वेळा काउंटरला बाप उभा असतो आणि पोरगं घरी असतं.

2019 ला माझा थोरला दहावीला होता. 8 जूनला निकाल लागला. त्याचा नंबर मला पाठ होता, म्हणून गिऱ्हाइकांचे निकाल काढता काढता मध्येच त्याचाही काढला. 61 टक्के. तोंडातून निघून गेलं, "आरं, एकसष्टच?" समोर सात-आठ माणसं, त्यातली दोन आमच्या गल्लीतली. गर्दी आटपून मी घरी पोहोचेपर्यंत तीन वाजले. पोराला सव्वाएकलाच कळलं होतं, शेजारच्या काकूंकडून, "अरेरे"सकट.

वर मी त्याला आदल्या वर्षी दहावी झालेल्या चुलतभावाशी तोलत बसलो. 2019 ला मंडळानं भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण बंद केले होते. राज्याचा निकाल 2018 ला 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत सुरू झाले. म्हणजे दोन भावांच्या परीक्षेचा साचाच वेगळा होता. रोज मंडळाची परिपत्रकं छापणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं.

तीन वर्षांनी डिप्लोमा संपवून चाकणला नोकरीला निघाला तेव्हा बॅग भरता भरता म्हणाला, "पप्पा, टक्क्यांचं काही नव्हतं हो. माझा निकाल मला सोडून सगळ्यांना आधी कळला." 

म्हणून 2025 ला धाकटीच्या वेळी आम्ही आधीपासून तयारी केली. तीच इथं लिहितो. दुकानात पाहिलेलंही सांगतो.

आठ दिवस आधी

हॉलतिकीट शोधा. हसू नका, दर वर्षी चार-पाच जण नंबर न घेता येतात. बैठक क्रमांक म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि पुढं सहा आकडे. दुसरं लागतं ते आईचं पहिलं नाव, फॉर्मवर जसं लिहिलंय तसंच. यात फार घोळ होतो. लग्नात नाव बदललेलं असतं, आधारवर माहेरचं, शाळेत सासरचं, आणि घरात सगळे "वहिनी" म्हणतात. पोरालाही खात्री नसते. हॉलतिकिटावरचं नाव अक्षर न् अक्षर बघून कागदावर लिहून ठेवा.

डिजिलॉकरवरही निकाल येतो, पण खातं त्या दिवशी काढायला जाऊ नका. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो आणि तो मोबाईल बहुतेक घरांत बापाच्या खिशात, कामावर असतो.

नंबर आणि आईचं नाव कुणालाही देऊ नका. "आमच्याकडं नेट फास्ट आहे, आम्ही बघतो की" म्हणणारा एक तरी मामा प्रत्येक घरात असतो. या दोन गोष्टी ज्याच्याकडं असतील त्याला निकाल तुमच्या पोराच्या आधी दिसू शकतो. माझ्या मते सगळ्या तयारीत ही गोष्ट एक नंबरची.

मग पोराला दोन प्रश्न विचारा. पहिला: निकाल कसा बघायचाय? एकट्यानं, मैत्रिणीबरोबर, आईबरोबर? आमची म्हणाली, "मी आतल्या खोलीत बघणार. तुम्ही दोघं बाहेर थांबा. आणि आत्याला लगेच फोन लावायचा नाही." दुसरा: तुला स्वतःला किती वाटतात? ती म्हणाली, 78 ते 82. हा आकडा लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी पोरगं निकाल त्याच्याशी ताडून बघणार असतं, तुमच्या मनातल्या आकड्याशी नव्हे.

एखादा विषय राहिला तर काय, हेही तेव्हाच, चहा पिता पिता बोलून घ्या. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. "असलं अभद्र कशाला बोलायचं," असं माझी आई म्हणाली. पण पोरांच्या डोक्यात ते आधीच चालू असतं. घरात कुणी उघड बोललं की त्यांना जरा मोकळं वाटतं.

पेढे आधी आणू नका. साताऱ्याचे कंदी पेढे मलाही आवडतात. पण फ्रिजमध्ये पुडा तयार आहे हे ठाऊक असलं की पोराला खोलीबाहेर यायची भीती वाटते. त्याऐवजी निकाल काहीही लागो, संध्याकाळी कुठं जायचं ते ठरवा. आम्ही प्रीतिसंगमावर भेळ खायला जायचं ठरवलं होतं.

एक वाजता

13 मे, मंगळवार. बायकोचा उपास, म्हणून साबुदाण्याची खिचडी. बाराला सगळ्यांना बळंच खायला घातलं. उपाशी पोटी वाईट बातमी आणखी वाईट लागते, चांगली बातमीसुद्धा डोक्यात जाते. दुकानावर पोऱ्याला बसवलं. या एका दुपारी धंदा बुडाला तरी चालेल असं ठरवलं होतं.

एकच्या ठोक्याला मंडळाची साइट उघडत नाही. राज्यातली पंधरा लाख पोरं एकाच वेळी दार ठोठावतात, चक्र फिरत राहतं. हे पोराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्याला वाटतं आपलाच निकाल राखून ठेवलाय. सारखं रिफ्रेश करत बसण्यापेक्षा मंडळानं दिलेल्या दुसऱ्या साइटवर किंवा डिजिलॉकरवर बघावं.

तुम्ही मात्र पाठीमागून स्क्रीनमध्ये डोकावायचं नाही. हातात काहीतरी काम घ्या. बायको स्वयंपाकघरात डबे पुसत होती. मी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटवत बसलो. सगळ्या उलटवून झाल्या, मग परत सुलटवल्या.

दीडच्या सुमाराला धाकटी वर आली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. 74.60. गणितात 52. तिच्या अंदाजापेक्षा कमी. "गणितात बावन्नच?" हे जिभेवर आलं होतं. गिळलं. आदल्या रात्री मी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं, ते म्हणालो, "ये, इथं सावलीत बस." बाकी काही नाही. दहा मिनिटं ती रडली, मग आपणहून बोलायला लागली, कुठला प्रश्न सुटला, कुठल्या भूमितीत चुकली. मी फक्त "हं" म्हणत होतो.

तुम्हीही एक वाक्य ठरवून ठेवा. त्यात आकडा नको, दुसऱ्या कुणाचं नाव नको. पाणी पी, ये बस, जवळ ये, काहीही चालतं. ऐनवेळी सुचेल म्हणाल तर माझं 2019 आठवा.

काउंटरवर ऐकलेली वाक्यं

"तरी सांगत होतो, मोबाईल ठेव." "पाटलांच्या पोराला किती?" ही तर नेहमीचीच. पण "काही हरकत नाही, होतं असं" हेसुद्धा फार लवकर बोललं तर टोचतं. पोरानं अजून स्वतःचं दुःख धड बघितलेलं नसतं आणि तुम्ही माफी देऊन मोकळे. शिवाय काही वेळा पोरगं खूश असतं! 58 मिळाले म्हणून उड्या मारणाऱ्या एका पोराला बाप सांत्वन करताना मी पाहिलाय. पोराचा चेहरा बघण्यासारखा होता.

उलटंही होतं. एक मुलगी 91 टक्क्यांची प्रिंट घेऊन दुकानाच्या पायरीवर रडत बसली होती आणि बाप हसत मला सांगत होता, "एक्क्याण्णव पडूनबी रडतीय बघा." तिच्या दोन्ही मैत्रिणींना 95 च्या वर होते, तिघींना एकाच कॉलेजात जायचं होतं. तिच्या हातून खरंच काहीतरी गेलं होतं.

फोन, ग्रुप, स्टेटस

दीडनंतर फोन सुरू. घरातल्या एकानं फोन सांभाळायचे आणि उत्तर एकच ठेवायचं: "पास झाली. ती निवांत झाली की स्वतः फोन करेल." टक्के सांगायचे की नाही, कुणाला सांगायचे, ते पोरानं ठरवायचं. आत्या रुसली. दोन दिवसांनी धाकटीनं स्वतः फोन केला, मग मिटलं.

गुणपत्रिकेचा फोटो स्टेटसला टाकायच्या आधी पोराला विचारा, चांगले गुण असतील तरीही. क्लासवाले फ्लेक्ससाठी फोटो मागतात, तेही तसंच.

आणि टक्क्यांची तुलना करणाऱ्या काकांना सांगा: आता सहा विषयांतले जास्त गुणांचे पाच धरून 500 पैकी टक्केवारी काढतात. त्यांच्या 1985 च्या फर्स्ट क्लासशी त्याचा मेळ बसत नाही.

विषय राहिला असेल तर

2025 ला राज्याचा निकाल 94.10 टक्के होता. ऐकायला छान वाटतं. पण उरलेली पोरं मोजली तर नव्वद हजारांच्या आसपास जातात. तुमचं पोरगं त्यात असेल तर पेपरातली ती 94 ची मोठी बातमी त्या दिवशी त्याला खायला उठते. टीव्ही बंद ठेवलात तरी बिघडत नाही.

त्या दिवशी कुठलाही निर्णय नको. शाळा बदलणं, क्लास लावणं, "उद्यापासून शेतात चल", काहीच नको. दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन शाळेत जा आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा ते विचारा. तो शाळेतूनच भरला जातो, मुदत थोडी असते.

आता नको वाटणारी गोष्ट. निकालाच्या आदल्या दिवशी, कुणाला न सांगता, घरातलं आणि गोठ्यातलं कीटकनाशक, तणनाशक, उंदराचं औषध कुलपात टाका. आपल्या भागात ते दाराआड, खाटेखाली सहज पडलेलं असतं. निकाल चांगला लागणार असं वाटत असलं तरी टाका. पोरगं एकदम गप्प झालं, जेवेना, दार आतून लावून बसलं, "मी नसते तर बरं झालं असतं" असं बोललं, तर एकटं सोडू नका, रात्री त्याच खोलीत झोपा. सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असेल तर बाहेर पडायला वाट मिळते. टेली-मानस, 14416, ही मानसिक आधाराची सरकारी फोनसेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आई-बापानंही फोन केला तर चालतो. मुलांसाठी 1098 आहे. जीव धोक्यात वाटला तर 112 लावा किंवा थेट दवाखाना गाठा, लोक काय म्हणतील ते नंतर बघू.

पुढचे दिवस

हे भराभर सांगतो, कारण यासाठी लोक माझ्याकडं येतातच. गुण फारच अनपेक्षित असतील तर गुणपडताळणी करता येते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, आणि ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत अर्ज. छायाप्रत घेऊन त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा, मगच पुढचे पैसे भरा. रागाच्या भरात सगळ्या विषयांना अर्ज करणारे बाप मी परत पाठवतो.

अकरावीचे प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीची दहा कॉलेजं देता येतात. पहिलंच मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावा लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणून पहिल्या ओळीत काय लिहायचं ते पोराला लिहू द्या, शेजाऱ्याच्या सल्ल्यानं नको. डिप्लोमाची प्रक्रिया वेगळी असते, थोरला त्यातून कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात गेला. आणि जातीचा, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला काढायचा असेल तर निकालाची वाट बघू नका. जूनमध्ये त्या रांगेत उभं राहिलेल्या बापाची चिडचिड घरी जाऊन पोरावरच निघते.

त्या संध्याकाळी आम्ही ठरल्याप्रमाणं प्रीतिसंगमावर गेलो. थोरल्याचा चाकणहून फोन आला, तो तिच्याशी अर्धा तास बोलला, काय ते मी विचारलं नाही. तिनं दोन भेळ खाल्ल्या.

दुकानात आता पाटी लावलीय: "निकालाची प्रिंट विद्यार्थ्याच्याच हातात मिळेल." दोन-तीन जण चिडून पलीकडच्या दुकानात गेले. जाईनात का, पंधरा रुपयांचा तर धंदा.