थ्री-नॉट-थ्रीचा हेडस्पेस कसा तपासावा आणि तिला गोळी कोणती द्यावी

ली-एनफील्ड .३०३, म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. लाकूड कितीही चकचकीत असो, हेडस्पेस मोजल्याशिवाय तिच्यात गोळी घालू नका. या रायफलीत काडतुसाची कड बॅरलच्या मागच्या तोंडाला टेकते. तिथून बंद बोल्टच्या, म्हणजे बॅरल मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, तोंडापर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. ते वाढलं की पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, मागे ताणली जाते, बुडाजवळ फाटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो.

आधी मॅगझिन काढा. बोल्ट उघडा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि करंगळीनेही चाचपा. तपासणीला जिवंत गोळी कधीही वापरू नका.

चेंबर आणि बोल्टचं तोंड कोरडं पुसा, तेलाच्या थरानेसुद्धा माप चुकतं. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारा आकडा, उतरवा. आता ०.०६४ इंचाचा ‘गो’ गेज, म्हणजे काडतुसाच्या जागी ठेवायचं नेमक्या मापाचं धातूचं साधन, ठेवून बोल्टची मूठ दोन बोटांनी अलगद खाली आणा. बोल्ट पूर्ण बंद झाला पाहिजे. मग ०.०७४ इंचाचा गेज घ्या. ही जुनी ब्रिटिश लष्करी मर्यादा. यावर बोल्ट बंद होता कामा नये. दोन्ही गेजांत फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा, म्हणून मुठीवर जरा जोर पडला तरी निकाल खोटा येतो.

मोठ्या गेजवर बोल्ट बंद झालाच, तर रायफल आर्मोररकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) द्या. ली-एनफील्डच्या नंबर ४ या प्रकारात बोल्ट हेड, म्हणजे बोल्टचं बदलता येणारं पुढचं टोक, ० ते ३ अशा क्रमांकांचे असतात आणि आकडा वाढेल तशी लांबी वाढते. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. हेड बदललं की पुन्हा मोजायचंच.

झाडलेली पुंगळीही बरंच सांगते. बुडापासून साधारण सेंटीमीटरभर वर चकाकती रेघ दिसते का बघा. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवा. तिथे खाच लागली तर त्या रायफलीतून पुढची गोळी झाडू नका.

गोळी निवडताना आधी बॅरलवरचा शिक्का वाचा. या रायफलीची नेहमीची गोळी मार्क ७, तिचं नळीतून सुटणारं टोक १७४ ग्रेन वजनाचं. बुडावर ‘VIIIZ’ कोरलेलं असेल तर ती व्हिकर्स मशीनगनसाठी काढलेली, जास्त दाबाची. ती बाजूला ठेवा. इशापूरची २ए१ दिसायला हुबेहूब बहीण, पण ती ७.६२ नाटोची. भारतात नागरी परवान्यावर आढळणारी .३१५ तिसरीच. तिघींची काडतुसं वेगळी, गेजही वेगळे.

जुन्या लष्करी साठ्यातल्या गोळ्यांचा प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, बहुधा गंज आणणारा असतो. त्या झाडल्यावर त्याच दिवशी बॅरलमध्ये उकळतं पाणी ओता, कोरडं करा आणि मगच तेल लावा.