लाइट आली की सर्व्हर आपला आपण उठला पाहिजे

मागच्या मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी वळीव झाला, लाइट गेली, यूपीएसने बारा मिनिटं तग धरला आणि सर्व्हर अगदी शहाण्यासारखा बंद झाला. तासाभरात लाइट आली. सर्व्हर काही आला नाही. सोमवारी दहा वाजता पतसंस्थेच्या काउंटरवर रांग, आणि मी फोनवर सांगतोय, सर्व्हरच्या पुढच्या बाजूचं बटण दाबा. खोलीला कुलूप, चावी मॅनेजरसाहेबांकडे, साहेब लग्नाला कऱ्हाडला. सगळं मीच बसवलेलं, त्यामुळे खापर फोडायला दुसरं डोकंही नव्हतं. आता त्यांच्याच दुसऱ्या शाखेत मशीन लावायचंय, म्हणून हे लिहून ठेवतोय.

अर्थिंग, यूपीएसची क्षमता, बायोसचा (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) पासवर्ड यांवर शब्द घालवत नाही. तेवढं येत नसेल तर सर्व्हरला हात लावू नका.

बायोसमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा वीज परत आल्यावर काय करायचं ती सेटिंग शोधा. डेलच्या पॉवरएज सर्व्हरमध्ये ती ‘एसी पॉवर रिकव्हरी’ नावाने सिस्टिम सिक्युरिटीच्या पानावर असते, एचपीच्या प्रोलायंटमध्ये ‘ऑटोमॅटिक पॉवर ऑन’, गिगाबाइटच्या साध्या बोर्डावर ‘एसी बॅक’. पर्याय तीनच: चालू हो, बंदच राहा, किंवा आधी होतास तसा हो. हा तिसरा, ‘लास्ट’, वाचायला फार समजूतदार वाटतो. मीही तोच ठेवला होता. पण यूपीएसच्या सांगण्यावरून सर्व्हर नीट बंद झाला, की त्याची शेवटची अवस्था ‘बंद’ अशीच नोंदली जाते. लाइट आल्यावर तो इमानदारीत बंदच राहतो. यूपीएस नसता आणि लाइट धाडकन गेली असती, तर हाच सर्व्हर उठला असता! म्हणजे यूपीएस लावण्याची काळजी घेणाराच फसतो. तेव्हा ‘लास्ट’ नको. ‘ऑन’. ‘ऑलवेज ऑन’ लिहिलं असेल तर ते.

त्याच पानावर उशिराची सेटिंग असते. आमच्याकडे लाइट एकदा आली म्हणजे आली असं नसतं. पहिली दोन-चार मिनिटं येते-जाते. मशीन सोय देत असेल तर 120 सेकंद थांबवा, नाहीतर अर्धवट सुरू होताना पुन्हा झटका बसतो आणि डिस्कची तपासणी करत बसावं लागतं.

‘ऑन’ केलंत ना? छान, पण एवढ्याने भागत नाही. सर्व्हर बंद व्हायला लागला आणि यूपीएस संपायच्या आत लाइट परत आली, तर? सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, प्लगमध्ये करंट अखंड होता. मग ‘वीज परत आली’ हा क्षण त्याला दिसतच नाही आणि ‘ऑन’ असूनही तो झोपून राहतो. यावर उपाय म्हणजे सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसने स्वतःचं आउटपुट तोडायचं आणि लाइट असेल तर पुन्हा द्यायचं. लिनक्सवर नेटवर्क यूपीएस टूल्स वापरत असाल तर यूएसबीवाल्या ड्रायव्हरमध्ये ‘ऑफडिले’ (आउटपुट तोडण्याआधीची मुदत) मुळात 20 सेकंद आणि ‘ऑनडिले’ (ते पुन्हा देण्याआधीची) 30 असतो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठाच हवा. यूपीएस कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर आउटपुट तोडण्याची मुदत कधीपासून मोजली जाते ते बघा. बंद करण्याचा आदेश सुटल्यापासून मोजत असेल, तर डेटाबेस बंद व्हायला लागणाऱ्या वेळेपेक्षा ती मोठी ठेवा. आमचा डेटाबेस बंद व्हायला चार मिनिटं घेतो, म्हणून मी सहा ठेवलीत.

सर्व्हर उठला, पण कीबोर्ड नाही म्हणून एफ1 दाबायची वाट बघत थांबला, असंही होतं. चुकीवर थांबण्याची ती सेटिंग बंद करा. बूटच्या क्रमात (मशीनने कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्यात) आतली डिस्क पहिली ठेवा, नाहीतर कोणी विसरलेला पेनड्राइव्ह घोळ घालेल. लिनक्समध्ये बॅकअपची बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) असेल तर ‘नोफेल’, म्हणजे नसली तरी पुढे जा, असं लिहाच. डिस्क काढून नेलेली असली तर सिस्टिम 90 सेकंद तिची वाट बघते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते. पुढचं पॉवर बटण दाबलं तर काहीही होऊ नये असं करा. झाडू मारणाऱ्या मावशींचा धक्का पुरतो. झोपेच्या सगळ्या सेटिंग बंद.

दुरून चालू करायची सोय, डेलची आयड्रॅक किंवा एचपीची आयएलओ, मशीन बंद असतानाही चालते, फक्त मागे वीज हवी. आमच्या मशीनला ती होती. तिची नेटवर्क केबल लावलेली नव्हती. दोनशे रुपयांची केबल! आणि राउटर, स्विच हेही यूपीएसवरच घ्या, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि तुम्ही बाहेर.

बायोस अपडेट केला किंवा बोर्डावरचा सीआर2032 सेल बदलला, की सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. म्हणजे पुन्हा ‘लास्ट’, नाहीतर ‘बंदच राहा’. पुन्हा जाऊन ‘ऑन’ करा. त्या दिवशी घाई असते, हे मला माहीत आहे, तरी बघा.

सर्व्हिसेस (डेटाबेससारखे मागे चालणारे प्रोग्रॅम) आपोआप सुरू होतात ना तेवढं पाहून घ्या. यूपीएसची बॅटरी तीन वर्षांनी, गरम खोलीत त्याही आधी, बदला.

चाचणी दोन वेळा करा, तीही शाखा बंद असताना. एकदा भिंतीवरचा स्विच बंद करून सर्व्हर पूर्ण बंद होऊ द्या, यूपीएसचा आवाज थांबू द्या, मग स्विच चालू. दुसऱ्यांदा सर्व्हर बंद व्हायला लागल्याबरोबर स्विच चालू करा. हीच चाचणी कोणी करत नाही. दोन्हीत बटणाला हात न लावता लॉगिनचा पडदा यायला हवा. नाही आला तर वर जा: पहिलीत बहुधा ‘लास्ट’ राहिलंय, दुसरीत यूपीएसने आउटपुट तोडलेलं नाही.

आणि खोलीची दुसरी चावी कॅशिअरबाईंकडे.